छोट्या कॉलेजातलं सांस्कृतिक मंडळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईच्या जुन्या कॉलेजांत नाट्यमंडळ आपोआप चालत असल्यासारखं वाटतं. माजी विद्यार्थी तालमीला येऊन बसतात, स्पर्धेच्या तारखा भिंतीवर लागलेल्या असतात, नव्या मुलांना कुणीतरी हाताला धरून आत नेतं. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात यातलं बरंचसं नसतं. असतात ती हौशी मुलं आणि जूनमध्ये हातात आदेश पडल्यामुळे 'सांस्कृतिक विभागप्रमुख' झालेले एखादे सर किंवा मॅडम. त्या दोघांकडून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्याकडे जेमतेम चारशे-पाचशे मुलं आहेत. एवढ्यांत सांस्कृतिक मंडळ उभं राहील का?

राहील. एका बाबतीत तर मोठ्या कॉलेजापेक्षा जास्त चांगलं राहील. मोठ्या कॉलेजात एकांकिकेच्या निवडीला झुंबड उडते, दहा-पंधरा जण घेतले जातात आणि बाकीचे तीन वर्षं टाळ्या वाजवतात. छोट्या कॉलेजात दारात आलेल्या प्रत्येकाला काम द्यावंच लागतं. बी.कॉम.चा मुलगा प्रकाशयोजना शिकतो, कारण दुसरं कुणी नसतं. त्याच मुलाला वर्षअखेरीला भित्तिपत्रकाचं संपादनही करावं लागतं. हे ओझं वाटतं खरं, पण तीन वर्षांत नाटकाची सगळी अंगं हाताखालून गेलेला विद्यार्थी अशाच ठिकाणी तयार होतो.

सुरुवात कशापासून करावी?

एक खोली, एक वार आणि एक किल्ली मिळवा. बाकी सगळं त्यानंतर.

बहुतेक जण उद्घाटनाने सुरुवात करतात. पाहुणे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, फोटो. पुढच्या आठवड्यात काय, तर काही नाही. त्यापेक्षा प्राचार्यांकडे एवढंच मागा: दर बुधवारी (किंवा जो वार सोयीचा असेल तो) तास संपल्यावर दोन तास अमुक नंबरची खोली मंडळासाठी. मागणी लेखी द्या, मंजुरीही लेखी घ्या. किल्ली एका विद्यार्थ्याच्या नावावर वहीत नोंदवून मिळाली, तर अर्धं काम झालं. शिपाईकाका सापडले नाहीत म्हणून तालीम रद्द झाली, हे कारण छोट्या कॉलेजांत फार वेळा ऐकू येतं आणि दोनदा असं झालं की मुलं यायची थांबतात.

त्या दोन तासांत काय करायचं, याची फार चिंता नको. एखादी कविता मोठ्याने वाचा, एखाद्या नाटकाचा एक प्रवेश हातात संहिता धरून वाचा, कुणी गाणं बसवत असेल तर ते ऐका. तिघेच आले तरी खोली उघडा. आज काही नाही, असं एकाही बुधवारी होऊ देऊ नका.

स्नेहसंमेलन जोरात होतं की! मग वेगळं मंडळ कशाला?

स्नेहसंमेलन हवंच. शेलापागोटे, फिशपॉन्ड, साडी डे, रेकॉर्ड डान्स यांची मजा कुणी नाकारू नये. पण जानेवारीत तीन दिवस उजेड आणि उरलेलं वर्ष अंधार, अशी व्यवस्था असेल तर मुलांना काही शिकायला मिळत नाही. मोबाइलवरच्या गाण्यावर चार दिवसांत बसवलेल्या नाचात शरीराला सवय लागायलाही वेळ मिळत नाही. ऑगस्टपासून दर आठवड्याला भेटणाऱ्या गटाने जानेवारीत सादर केलेल्या कार्यक्रमाचा दर्जा आपोआप वेगळा दिसतो आणि तो पाहून पुढच्या वर्षी नवी मुलं येतात.

मुलं लाजतात, पुढे येत नाहीत. काय करावं?

सूचना फलकावर 'इच्छुकांनी नावे द्यावीत' असं लिहिलं की तीच पाच नावं येतात, शाळेपासून स्टेजवर असलेली. बाकीच्यांना स्वतःहून नाव द्यायची सवय नसते. त्यांना कामासाठी बोलवा. 'अभिनय करशील का?' असं विचारलं तर मान हलते ती नकारार्थीच. 'संहितेच्या पाच प्रती हाताने लिहून काढायच्या आहेत, अक्षर चांगलं आहे तुझं, येतेस का?' असं विचारलं तर ती येते. संवाद उतरवून काढणाऱ्या मुलीला दोन आठवड्यांत अख्खी संहिता पाठ झालेली असते. एक दिवस नटी आजारी पडते, प्रॉम्प्टिंग करणाऱ्या, म्हणजे बाजूला बसून संवाद सुचवणाऱ्या त्याच मुलीला जागेवरून उठून उभं राहावं लागतं आणि सगळ्यांना पहिल्यांदा तिचा आवाज ऐकू येतो. छोट्या मंडळांत हे इतक्या वेळा घडतं, की मी तरी आता निवडचाचणीवर फार विश्वास ठेवत नाही.

ग्रंथपालांनाही विचारून पाहा. कोणता मुलगा कवितांची पुस्तकं नेतो, हे त्यांना ठाऊक असतं.

शेवटची एसटी साडेपाचला असते. मुली तालमीला थांबू शकत नाहीत. मग?

हा छोट्या कॉलेजातला सगळ्यात खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर वेळापत्रकात शोधावं लागतं. तालीम संध्याकाळी सातलाच झाली पाहिजे, हा शहरातल्या कॉलेजांचा रिवाज आहे. तुम्ही तो पाळायचं कारण नाही. सकाळचं कॉलेज असेल तर साडेबारा ते तीन ही वेळ घ्या. दुपारचं असेल तर सकाळी नऊला बोलवा. संहितेचे तुकडे करा: ज्या प्रवेशात बाहेरगावच्या मुली आहेत ते दुपारी, गावातल्या मुलांचे प्रवेश नंतर. रंगीत तालमीसाठी एखाद्या रविवारचा पूर्ण दिवस ठरवा आणि त्याची तारीख पालकांना महिनाभर आधी कळवा.

पालकांशी विभागप्रमुखांनी स्वतः बोलावं. 'तुमची मुलगी चांगलं काम करते, तालीम इतक्या वाजता सुटेल, अमुक मॅडम शेवटपर्यंत थांबतील' ही तीन वाक्यं एका फोनवर सांगितली की बहुतेक घरांतून परवानगी मिळते. कॉलेजचं पत्र तेवढं काम करत नाही. स्पर्धेला बाहेरगावी जाताना गटात मुली असतील तर सोबत महिला प्राध्यापक हव्यातच. त्यांची नेमणूक आयत्या वेळी करू नका, पहिल्या वाचनापासून त्यांना सामील करून घ्या.

एकांकिका बाहेरून लिहून घ्यावी, छापील घ्यावी की मुलांनी लिहावी?

पहिल्या वर्षी छापील घ्या. चांगली संहिता बसवताना नाटक कसं बांधलेलं असतं ते अंगात मुरतं. दुसऱ्या वर्षापासून मुलांनी लिहावं, असा माझा आग्रह आहे. स्पर्धांच्या जगात एक पद्धत रुळली आहे: शहरातल्या नावाजलेल्या लेखक-दिग्दर्शकाला मानधन देऊन आणायचं, त्याने आठ दिवसांत नाटक 'बसवायचं' आणि बक्षीस मिळालं की फलकावर कॉलेजचं नाव. बक्षीस मिळतं, पण तो माणूस गेला की मागे काही उरत नाही. त्याच पैशांत त्याला दोन दिवसांच्या शिबिरासाठी बोलवा.

मुलांनी लिहायचं तर विषय जवळचे येऊ द्या. साखर कारखान्याच्या काट्यावरची रात्रपाळी, भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं, लग्न जमवताना विचारला जाणारा 'नोकरी की शेती' हा प्रश्न. शहरातल्या फ्लॅटमधलं नवरा-बायकोचं भांडण लिहायला गावातला एकोणीस वर्षांचा मुलगा बसतो, तेव्हा तो पाहिलेल्या मालिकेची नक्कल करत असतो. आणि भाषा दुरुस्त करू नका. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली जी घरात आहे, ती रंगमंचावर येऊ द्या.

छापील नाटक करायला लेखकाची परवानगी लागते का?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सूट आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी आणि शिक्षक यांनी प्रयोग केला आणि प्रेक्षकही विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढेच असले, तर तो हक्कभंग ठरत नाही. स्पर्धेत उतरलात, बाहेरच्या लोकांना बोलावलंत किंवा तिकीट लावलंत, तर ही सूट गृहीत धरू नका, लेखी परवानगी घ्या. बहुतेक स्पर्धा प्रवेशअर्जासोबत ते पत्र मागतातच.

भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९१९ साली वारलेल्या राम गणेश गडकरींची नाटकं सर्वांना खुली आहेत, पण गेल्या पन्नास वर्षांतलं बहुतेक लेखन तसं नाही. दोन गोष्टी मुलांच्या लक्षात येत नाहीत. कथेवरून एकांकिका करायची असेल तर कथालेखकाचीही परवानगी लागते. आणि मूळ परदेशी नाटक हक्कमुक्त असलं, तरी त्याच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा हक्क असू शकतो.

कायद्यापलीकडचं एक सांगतो. लेखकाला पत्र लिहा, प्रयोगाचं निमंत्रण द्या. मराठीतले अनेक लेखक विद्यार्थ्यांना आनंदाने परवानगी देतात. न विचारता प्रयोग केल्याचं त्यांना उशिरा कळतं, तेव्हा मात्र वाईट वाटतं.

'सेन्सॉर नंबर' काय असतो?

महाराष्ट्रात नाटकाच्या सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता राज्य शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. रंगकर्मी त्यालाच सेन्सॉर म्हणतात आणि प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाला सेन्सॉर नंबर. कॉलेजच्या आवारातल्या घरगुती प्रयोगाला सहसा कुणी विचारत नाही, पण अनेक एकांकिका स्पर्धा हे प्रमाणपत्र मागतात. छापील, पूर्वी प्रयोग झालेल्या एकांकिकेला ते आधीच मिळालेलं असतं; लेखकाकडून प्रत मागवा. नवी संहिता असेल तर स्पर्धेच्या बरीच आधी पाठवा. तालमी जोरात, नटांचं पाठांतर चोख आणि प्रमाणपत्राचा पत्ता नाही, अशा अवस्थेत गट सापडले की फार धावपळ होते.

आम्ही कोणत्या स्पर्धांत उतरावं?

पहिला टप्पा म्हणजे तुमच्या विद्यापीठाचा युवक महोत्सव. त्यात एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य, लोकनृत्य, समूहगीत, वादविवाद, रांगोळी, मातीकाम, स्थळचित्रण असे खूप प्रकार असतात आणि छोट्या कॉलेजाला चार जणांच्या बळावरही काही ना काही करता येतं. तिथून निवडलेले विद्यार्थी राज्यातल्या विद्यापीठांच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवात आणि भारतीय विश्वविद्यालय संघाच्या विभागीय आणि राष्ट्रीय महोत्सवांत जातात.

एकांकिकांमध्ये पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालत आला आहे. भरत नाट्य मंदिरातली ती 'अरे, आव्वाज कुणाचा!' ही आरोळी ऐकली नाही असा पुण्यातला कॉलेजकुमार विरळा. या स्पर्धेचा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर आहे, म्हणून महागडं नेपथ्य परवडत नसलेल्या गटानेही तिच्याकडे जरूर बघावं. २०२२ साली अंतिम फेरीतली एकही एकांकिका त्या तोलाची नाही, असं ठरवून परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. त्यावर खूप वाद झाला. मला तो निर्णय कठोर वाटला, पण त्यानंतर संहितेवर जी चर्चा झाली ती गरजेची होती.

फिरोदिया करंडकाचा बाज वेगळा. तिथे नाटकाच्या धाग्यात गायन, वादन, नृत्य, चित्र, शिल्प, मल्लखांब, जादू असं काहीही गुंफता येतं. तुमच्याकडे नट दोनच आहेत पण एक ढोलकीवाला, एक रांगोळीवाली आणि दोन मल्लखांबपटू आहेत, तर हा प्रकार समजून घ्या; स्पर्धेला गेला नाहीत तरी तसं सादरीकरण संमेलनात करता येईल. मुंबईकडे आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटर) आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा जुनी आणि मानाची. 'लोकसत्ता लोकांकिका'च्या प्राथमिक फेऱ्या राज्यातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर होतात, त्यामुळे लांबच्या कॉलेजांना ती सोपी पडते. चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई' ही वर्षभरातल्या विजेत्या एकांकिकांची स्पर्धा. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी. तिथे प्रेक्षक म्हणून एकदा मुलांना घेऊन जा. एका रात्रीत इतकं शिकायला दुसरीकडे मिळत नाही.

युवक महोत्सवात आमचा गट दरवर्षी वेळेत अडकतो. काय चुकतं?

विश्वविद्यालय संघाच्या नियमांत एकांकिकेला ३० मिनिटं आणि ९ कलाकार, प्रहसनाला १० मिनिटं आणि ६ जण, मूकनाट्याला ५ मिनिटं आणि ६ जण असं धरलेलं आहे. विद्यापीठं सहसा हेच पाळतात, तरी दरवर्षीचं परिपत्रक नीट वाचा, वयाची अटही त्यातच असते.

चुकतं ते तालमीच्या मोजमापात. वर्गात २८ मिनिटांत होणारी एकांकिका रंगमंचावर ३१ मिनिटं घेते. प्रेक्षक हसतात तेव्हा थांबावं लागतं, अंधारात वस्तू हलवाव्या लागतात, विंगेपासून, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशापासून, मध्यापर्यंतचं अंतर वर्गापेक्षा मोठं असतं. म्हणून वर्गात वेळ २५ ते २६ मिनिटांवर आणून ठेवा. घड्याळ लावून तालीम घेताना मध्ये थांबवू नका, नट चुकला तरी पुढे जाऊ द्या. जमिनीवर खडूने रंगमंचाचा खरा आकार आखा, विंगा आखा, आणि पात्राने त्या रेषेबाहेरूनच आत यायचं असा दंडक घाला. बाकड्यावर बसून वाट पाहणारा नट तीन पावलांत प्रवेश करतो. रेषेबाहेर उभा राहिला की त्याला चालण्याची लय सापडते. नेपथ्य लावणं-काढणं याचीही स्वतंत्र तालीम घ्या, तोंडाने न बोलता, कोण काय उचलणार हे ठरवून.

आमच्याकडे सभागृह नाही, दिवे नाहीत. प्रयोग कुठे करायचा?

मोठा वर्ग, व्हरांडा, पोर्च, जिना, वडाखालचा पार, कुठेही. प्रेक्षक शंभरच असतील तर ते नटापासून दहा फुटांवर बसतात आणि डोळ्यांतला बदलही त्यांना दिसतो. अशी जवळीक हजार खुर्च्यांच्या सभागृहात मिळत नाही. तिन्ही बाजूंनी प्रेक्षक बसवून एकदा प्रयोग करून बघा. पाठ फिरवून उभं राहायची भीती मुलांच्या मनातून जाते.

दिवे भाड्याने आणले तर वीज तपासा. १००० वॉटचा एक दिवा सुमारे साडेचार अँपिअर ओढतो. वर्गातल्या साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर तसा एकच दिवा लागतो, १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवर तीन. बारा दिव्यांना पन्नासच्या वर अँपिअर लागतात, तेव्हा मुख्य बोर्डावरून वायरमनकडूनच जोडणी करून घ्या. फिजिक्सच्या सरांना याचा हिशेब मांडायला सांगा, मुलांनाही शिकवा. एलईडी दिव्यांना वीज फार कमी लागते. छोट्या जागेत तेच बरे. आणि मुळात दुपारी तीनला, खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात नाटक चांगलं होऊ शकतं.

स्पीकर किती वाजेपर्यंत चालतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. शाळा-कॉलेजांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित झालेला असू शकतो, त्यामुळे दिवसाही परवानगी काढा. छोट्या जागेत माइकशिवाय बोलायची सवय लावा. आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचवणं हे नटाचं पहिलं शिक्षण आहे.

आमच्या भागातल्या लोककलांचं काय करावं?

हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो आणि छोट्या कॉलेजाची सगळी श्रीमंती त्यातच आहे. सिंधुदुर्गातल्या वर्गात दशावतारात काम करणाऱ्याचा मुलगा बसलेला असतो. रत्नागिरीकडे नमन-खेळे, पालघरकडे तारपा, गडचिरोली-चंद्रपूरकडे झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटकं आणि दंडार, मराठवाड्यात भारूड आणि गोंधळ. कॉलेजने यांना 'पारंपरिक दिना'च्या वेशभूषेपुरतं ठेवलं तर मुलांना असं वाटतं, की घरची कला ही कॉलेजात मिरवायची गोष्ट आहे, शिकायची नाही.

गोंधळ्यांच्या घरातल्या एका मुलाने वर्गात संबळ आणल्याचं मी पाहिलं आहे. आधी तो आणायलाच तयार नव्हता. कमरेला बांधून त्याने काठी टेकवली आणि पहिल्याच ठेक्याला खिडक्यांची तावदानं थरथरली. मग त्याने एकेक ठेका सुटा करून दाखवला, कोणता देवीला बोलावतानाचा, कोणता कथा पुढे नेतानाचा. सर खाली बसून वहीत लिहीत होते. त्या वर्षीच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत त्याने एकट्याने केलं.

असंच करा. ज्याच्या घरात कला आहे त्याला शिकवणारा करा, त्याच्या वडिलांना, आजीला पाहुणे म्हणून बोलवा आणि शहरातल्या पाहुण्याला जो मान आणि जे मानधन देता तेच त्यांना द्या. देवकार्याचा भाग असलेली गोष्ट रंगमंचावर आणताना घरच्यांना आधी विचारा. काही गाणी बाहेर म्हणायची नसतात. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी यांचं मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून, गाणारीचं नाव-गाव लिहून ग्रंथालयात ठेवता आलं, तर तुमच्या कॉलेजाकडे कुठल्याही विद्यापीठाकडे नसलेला ठेवा होईल.

नाटक-गाण्यात रस नसलेल्या मुलांसाठी काय?

भित्तिपत्रक आणि हस्तलिखित. दोन्ही जुने प्रकार, पण अजून जिवंत राहू शकतात. भित्तिपत्रक दर पंधरा दिवसांनी बदललंच पाहिजे. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला लावलेलं पत्रक जूनमध्येही तिथेच दिसत असेल, तर ते कुणी वाचत नाही असं समजा. एका अंकाला एकच विषय द्या, जसा गावातला बाजार, विहिरी, जुन्या दुकानांच्या पाट्या. चित्र काढणारा, फोटो काढणारा, माहिती गोळा करणारा, सगळ्यांना काम मिळतं. वार्षिक अंकासाठी आयत्या वेळी गूगलवरून उतरवलेले लेख देण्यापेक्षा वर्षभराच्या भित्तिपत्रकांतून निवड करा.

चित्रपट दाखवायला प्रोजेक्टर आणि पडदा पुरतो. विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरत्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्याचं तेच कलम ५२ लागू होतं. चित्रपटानंतर अर्धा तास बोलणं सक्तीचं ठेवा. तो अर्धा तास नसेल तर घरी मोबाइलवर बघणं आणि इथे बघणं यात फरक राहत नाही.

मोठे कलाकार आमच्या गावात येतील का?

येतात. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये आयआयटी दिल्लीत सुरू केलेली 'स्पिक मॅके' ही चळवळ शास्त्रीय संगीत, नृत्य आणि लोककलांचे कलाकार शाळा-कॉलेजांत नेते. तिच्या जवळच्या शाखेशी पत्रव्यवहार करा. पाहुणे येण्याआधी आठवडाभर मुलांना तो राग, तो नृत्यप्रकार थोडा ऐकवा-दाखवा. कोरी पाटी घेऊन बसलेले विद्यार्थी वीस मिनिटांनी चुळबुळ करतात आणि दोष शास्त्रीय संगीताला दिला जातो. कलाकारासमोर खुर्चीत बसलेल्या मान्यवरांच्या भाषणांना दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका.

पैसा कुठून आणायचा?

कॉलेजच्या फीमध्ये स्नेहसंमेलन, युवक महोत्सव, विद्यार्थी विकास अशा नावांनी रक्कम घेतलेली असते. ती किती जमते आणि कुठे खर्च होते, हे विभागप्रमुखांनी वर्षाच्या सुरुवातीला कार्यालयातून लेखी घ्यावं. विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग शिबिरं, कार्यशाळा यांना अनुदान देतो. प्रस्तावाची मुदत चुकवू नका. गावातल्या व्यापाऱ्यांकडून देणगी घ्यायची तर वस्तूंच्या रूपात घ्या. सुतार लाकडी लेव्हल (रंगमंचावरचे उंच चौथरे) बनवून देतो, कापडवाला काळं कापड देतो आणि प्रयोगाला घरच्यांसह येतो. नवस बोलल्यासारखा सगळा पैसा एका बँडच्या रात्रीवर घालवणाऱ्या कॉलेजांना पुढच्या बुधवारी खडूही विकत घेता येत नाही.

याचे गुण किंवा श्रेयांक (क्रेडिट) मिळतात का?

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यात आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात सहशालेय विषयांना श्रेयांक आहेत आणि त्यांत एनएसएस, एनसीसी, क्रीडा यांच्याबरोबर सांस्कृतिक उपक्रमही येतात. तुमच्या विद्यापीठाचा आराखडा बघून मंडळाचं काम त्यात बसवा. मात्र हजेरीपुरते आलेले आणि मनापासून आलेले यांचे गट एकत्र करताना सांभाळा. श्रेयांकवाल्यांना बॅकस्टेजपासून सुरुवात करू द्या, त्यातले बरेच जण नंतर हलत नाहीत.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या फायलीसाठीही हे उपक्रम मोजले जातात. फोटो आणि अहवाल जरूर ठेवा, पण फोटोसाठी तालीम थांबवू नका.

स्पर्धेत हरल्यावर मुलं खचतात. कसं सावरायचं?

परतीच्या गाडीत परीक्षकांना नावं ठेवू द्या, तो राग निघून जायला हवा. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना खोलीत बोलवा आणि परीक्षकांनी काय सांगितलं, ते आठवून फळ्यावर लिहा. शक्य असेल तर स्पर्धेनंतरच्या आठवड्यात तीच एकांकिका कॉलेजात करा. बहुतेक गट स्पर्धेत हरले की नेपथ्य भंगारात टाकतात आणि ज्या मुलांसाठी, ज्या गावासाठी ती लिहिली, त्यांना ती कधीच दिसत नाही. शेजारच्या गावांतल्या शाळांतही दोन-तीन प्रयोग करा. चौथ्या प्रयोगाला नट कुठे पोचतो, ते त्यालाही आधी माहीत नसतं.

तिसऱ्या वर्षाची मुलं पास होऊन गेली की सगळं थांबतं. त्यावर उपाय?

प्रमुख पदं तिसऱ्या वर्षाकडे ठेवूच नका. मंडळाचा सचिव दुसऱ्या वर्षाचा असावा आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्याच्या मागे उभं राहावं. प्रत्येक कामाला जोडी हवी: प्रकाशयोजना करणाऱ्याजवळ पहिल्या वर्षाचं कुणीतरी बसलेलं असलं पाहिजे, मेकअपच्या पेटीजवळही.

एक जाड नोंदवही ठेवा. त्यात कोणती एकांकिका केली, संहिता कुठून आणली, परवानगीचं पत्र, दिवे कुणाकडून भाड्याने घेतले, कोणत्या गाडीवाल्याने नेपथ्य नेलं, कोणत्या प्रवेशात दरवर्षी गोंधळ होतो, हे लिहा. संहितांच्या प्रती, टिपण्यांसकट, ग्रंथालयात जमा करा. नोंदणी क्रमांक पडला की त्या हरवत नाहीत. कपडे आणि साहित्याला लोखंडी ट्रंक घ्या, कुलूप लावा आणि यादी झाकणाच्या आतून चिकटवा. गेलेल्या मुलांचे फोन नंबर नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर घ्या आणि पहिल्या वाचनाची तारीख ठरली की त्यांना कळवा. नोकरीतून सुटी काढून एखादा येतोच.